रिजेक्ट काकांची लाल फुली

फोटो पुढे केला की माणसं विचारतात, हा कोण, हे कुठलं गाव, कधी काढला. रिजेक्ट काका विचारायचे, "वजन?" फोटो लग्नाचा असो, देवाचा असो की लेथ मशीनचा. त्यांचा भाचा एकदा नव्या बाळाचा फोटो कौतुकाने घेऊन आला. काकांनी बाळाकडे पाहिलंच नाही. फोटोची माहिती उघडली आणि म्हणाले, "पोर तीन किलोचं आन् फोटू नऊ एमबीचा. बापाला काय अक्कल हाय का न्हाई?" भाचा बिचारा पेढे ठेवून निघून गेला. पेढे काकांनी खाल्ले. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं तरी खाल्ले.

फोटोचं वजन म्हणजे तो फोनमध्ये किती जागा अडवतो ते. केबी म्हणजे हलका, एमबी म्हणजे जड. हे मला काकांनीच शिकवलं, आणि शिकवताना तीनदा कपाळावर हात मारून घेतला. माणसाला एवढं कपाळ बडवायचं असेल तर त्याने शिकवू नये.

कुरुळीत आम्ही भाड्याने राहतो त्या इमारतीत खालच्या मजल्यावर त्यांची एक खोली होती. दाराला पाटी होती, 'कंपन्यांच्या वेबसाइट करून मिळतील.' कंपन्या म्हणजे आजूबाजूची पत्र्याची शेडं. कुणी नट करतो, कुणी पाइप वाकवतो, कुणी रबराच्या चकत्या पाडतो. मोठ्या कंपनीचा खरेदीचा साहेब या लोकांचा माल आधी फोनवर बघतो. साहेब स्वतः पत्र्याखाली उभा असतो, तिथे धड रेंज नसते. फोटो जड असला की ते गोल चक्र फिरत राहतं, आणि साहेब कंटाळून दुसऱ्याच्या वेबसाइटवर जातो. म्हणून काका मोठा जेपीजी फोटो घ्यायचे आणि त्याचा वेबपी नावाचा नवा, हलका फोटो करायचे. चार एमबीचा फोटो ऐंशी-नव्वद केबीत बसायचा आणि बघणाऱ्याला कळायचंही नाही. काकांचा कायदा एकच. शंभर केबीच्या आत, नाहीतर रिजेक्ट.

हा रिजेक्ट शब्द ते देहूरोडहून घेऊन आले होते. तिथल्या लष्करी कारखान्यात तपासणी खात्यात त्यांचा जन्म गेला. नापास मालावर मेणाच्या लाल पेन्सिलीने फुली मारायची, एवढंच काम. निवृत्त झाले, कुठलासा कॉम्प्युटरचा कोर्स केला, पण हाताची सवय जाईना. फोटो पसंत पडला नाही की ते थेट कॉम्प्युटरच्या काचेवर लाल फुली मारायचे. फोटो पुढे सरकायचा, फुली तिथेच राहायची. मग पुढच्या चांगल्या फोटोच्या तोंडावरही तीच फुली. संध्याकाळपर्यंत काचेवर एवढं लाल व्हायचं की फोटो शोधावा लागे. मला त्यांनी खोली झाडायला आणि चहा करायला ठेवलं होतं, पण माझं पहिलं काम रोज सकाळी काच पुसणं हे होतं. मेण पाण्याने जात नाही. शिकलेला, पेन्शन घेणारा माणूस रोज काच माखून ठेवतो आणि स्वतःला तपासणी अधिकारी म्हणवतो, याचं मला हसू यायचं. हसायचं मात्र भिंतीकडे तोंड करून.

गिऱ्हाइकं त्यांच्याहून वरचढ. शेडवाले लोक मशीन धुतात वर्षातून एकदा, खंडेनवमीला. त्या दिवशी मशीनला हळदकुंकू लागतं, झेंडूचे हार पडतात, आणि तेवढ्याच दिवशी कुणालातरी फोटो काढायची आठवण होते. त्यामुळे काकांकडे येणाऱ्या प्रत्येक मशीनवर झेंडू असायचा. झेंडूच्या पाकळ्या बारीक आणि पुष्कळ. फोटो हलका करायला घेतला की पाकळ्याच सगळं वजन खाऊन टाकायच्या, आणि जबरदस्ती केली तर फुलांचा नारिंगी चिखल व्हायचा. मशीन बिचारं बाजूलाच राहायचं.

"मशीन इकताय का झेंडू?" काका विचारायचे.

पाइप वाकवणारा एक जण एकदा हात जोडून म्हणाला, "काका, हार काढून फोटो घेतला तर देवाला काय वाटंल?"

"देवाला रेंज लागत न्हाई. सायबाला लागती. काढ हार."

बाकीचे लोक माल अंथरुणावर ठेवून फोटो काढायचे. घरातली गुलाबाची चादर, तिच्यावर लोखंडी गिअर. एकाने तर बायकोच्या पैठणीवर बेअरिंग मांडली होती. स्वतःच्या घामाचा माल जगाला दाखवायचा आणि तो असा, की बघणाऱ्याने आधी पैठणी बघावी. वर पुन्हा फोटो पाठवायचा तो चार जणांकडून फॉरवर्ड होऊन आलेला. काका अशा हातोहाती झिजत आलेल्या फोटोला 'उष्टा' म्हणायचे.

मी तेव्हा दुपारी घरी रबराचे पार्ट कापायचे. ठेकेदार पोतं टाकून जातो. साच्यातून निघालेल्या रबरी रिंगेला कडेने पातळ पापुद्रा राहिलेला असतो, तो ब्लेडने काढायचा. पापुद्रा राहिला तर रिंग परत येते, ब्लेड आत गेलं तरी परत येते. सात वर्षं हे केल्यावर डोळा असा होतो की भाजीतली अळीसुद्धा आधी तिच्या कडेवरून ओळखू येते. यात हुशारी काही नाही, सवय आहे.

काकांची एक मोठी हौस होती. मूळ फोटो आणि आपला हलका केलेला फोटो काचेवर शेजारी शेजारी लावायचे आणि आलेल्या माणसाला म्हणायचे, "फरक दाखव. दाखव आन् माझ्या खुर्चीत बस." कुणालाच दाखवता यायचा नाही. खरं म्हणजे कुणी नीट बघायचंच नाही. माणसं काकांच्या तोंडाकडे बघून "वा वा" म्हणायची आणि चहा प्यायची.

एकदा मी चहाचे कप उचलत होते. काचेवर एक बोल्ट होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "आटे गेलेत."

आटे म्हणजे बोल्टवरचे वळसे, ज्यांनी तो नटात बसतो. मोठ्या फोटोत ते मोजता येत होते. छोट्यात शेपटाकडचे चारपाच आटे एकमेकांत मिसळून गुळगुळीत झाले होते.

"कोण बोललं?" काका म्हणाले. खोलीत त्यांच्याशिवाय मी एकटीच होते. "कितवी शिकलीस गं तू?"

"चौथी."

"चौथी शिकल्याली बाई मला आटं दाखवती." असं म्हणून त्यांनी खणातून भिंग काढलं, काचेला नाक लावलं, बराच वेळ बसले. मग तो फोटो पुन्हा केला. खुर्ची अर्थातच दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीशेजारी एक प्लास्टिकचं स्टूल आलं. त्या दिवसापासून माझं नावच 'चौथी' पडलं. "चौथे, हिकडं बघ." मी बघायचे. ठीक असेल तर मान खाली, नसेल तर आडवी. तोंडाने बोलावं लागत नव्हतं म्हणून मला ते काम आवडलं. चार माणसांपुढे माझी जीभ उचलत नाही, ती लहानपणापासूनच.

मी एकच शहाणपण सांगितलं होतं. चादर नको, साधं करडं कापड घ्या, म्हटलं. माझ्या नवऱ्याचा कंपनीचा जुना करडा शर्ट होता, तो उलटा अंथरून त्यावर एक गिअर ठेवला आणि काकांनी फोटो काढला. वजन जवळजवळ निम्म्यावर आलं. साध्या कापडात लक्षात ठेवण्यासारखं काही नसतं, म्हणून सगळी जागा गिअरला मिळते. त्यानंतर काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "करडं कापड वापरा. ह्यो माझा शोध हाय." मी स्टुलावर बसून ऐकायचे. शर्ट माझ्या नवऱ्याचा, डोकं माझं, शोध यांचा.

आषाढाच्या सुमाराला मला पहिली शंका आली. काका म्हणायला लागले, "चौथे, वजन वाच बघू, माझा चष्मा घरी राह्यला." चष्मा नाकावरच असायचा. मग भिंग खराब झालं, मग कॉम्प्युटरची काच जुनी झाली, मग खोलीत उजेड कमी पडायला लागला. चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवून ते मला म्हणायचे, "बशी कुठं मांडलीस?" साखर डोळ्यांत उतरली होती. डॉक्टरांनी सांगितलं असणारच. पण डॉक्टर म्हणजे काकांच्या मते असा माणूस की ज्याला तपासणी खात्यात कुणी उभं केलं नसतं.

फोटो करताना एक आकडा द्यावा लागतो, किती चांगला ठेवायचा त्याचा. पूर्वी काका ऐंशीच्या खाली यायचे नाहीत. आता साठ झाला, मग पन्नास, मग चाळीस. शंभर केबीचा फोटो तीस केबीत यायला लागला आणि काका खुशीत. "फरक दाखव! दाखव फरक!" आता ते हे पूर्वीपेक्षा मोठ्याने म्हणायचे. त्यांना फरक दिसत नव्हता हे अगदी खरं होतं. त्यांना दोन्ही सारखेच धूसर दिसत होते.

मी एकदा मान आडवी हलवली. त्यांना दिसली नाही. मग हळूच म्हटलं, "काका, कडा गेल्यात." समोर गिऱ्हाईक बसलं होतं. काका म्हणाले, "तुझं डोळं बिघडल्यात रबर कापून कापून. चहा टाक." मी चहा टाकला. त्या दिवसानंतर मी प्रत्येक फोटोला "हं" म्हणायला लागले. त्यांची खोली, त्यांचं काम, आपल्याला काय करायचंय. पुसट नट, पुसट बोल्ट, साबणाच्या वडीसारखे दिसणारे गिअर बाहेर जात राहिले आणि मी स्टुलावर बसून "हं" म्हणत राहिले. काकांच्या घमेंडीला मी मनात हसायचे, पण माझी ही लबाडी काही त्याहून चांगली नव्हती.

भाद्रपदात शौकतभाई आले. महाळुंग्याच्या बाजूला त्यांचं शेड आहे. ते पितळेचे नोझल करतात, म्हणजे तोटीच्या तोंडाला बसणारी छोटी टोपी. तिच्यावर सुईच्या टोकाएवढी चौदा छिद्रं असतात. त्या छिद्रांचंच सगळं काम. अशी बारीक आणि सरळ छिद्रं पाडणारे या भागात दुसरे फार कुणी नाहीत, हे काकासुद्धा कबूल करायचे, आणि काका सहसा काही कबूल करत नसत.

"काका, मोठ्या कंपनीचा साहेब उद्या आपली वेबसाइट बघणार आहे," शौकतभाई म्हणाले. "माल पसंत पडला तर शेड बघायला येतो म्हणाला. नाही पडला तर दिवाळीपर्यंत मी शेड सोडतो. आठ माणसं आहेत माझी. त्यांना आता खोटं काय सांगू?"

"बस," काका म्हणाले. "आत्ता करतो."

त्यांनी फोटो घेतला, आकडा चाळीसला आणला आणि बटण दाबलं. "वजन वाच, चौथे."

"अठ्ठावीस केबी."

"अठ्ठावीस! सायबाच्या बापाचा फोन असला तरी उघडंल. पास." त्यांनी दोन्ही फोटो शेजारी लावले. "दाखव फरक, शौकत."

डावीकडे नोझल होता. उजवीकडे पितळी बटण होतं. शर्टाला लावावं असं गोल, चकचकीत, एकही छिद्र नसलेलं. मी शौकतभाईंकडे पाहिलं. त्यांनाही दिसलं होतं. त्यांची बोटं गुडघ्यावर थांबली होती. ती छिद्रं त्यांनी स्वतः पाडलेली, त्यांना दिसणार नाही तर कुणाला? त्यांनी काकांकडे पाहिलं, पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मस्त आहे काका. एकदम मस्त."

आठ माणसांचा मालक, आणि म्हाताऱ्याला भिऊन स्वतःचं शेड बुडवायला निघाला होता. मला इतका राग आला की कान गरम झाले. त्यांचा आला, काकांचा आला, माझाही आला. काकांचा हात बटणाकडे निघाला होता. बटण दाबलं की ते पितळी बटण वेबसाइटवर जाणार होतं. मला ओरडायचं होतं, पण ते मला कधीच जमलेलं नाही. टेबलावर मेणाची लाल पेन्सिल पडली होती. मी ती उचलली आणि काचेवर, उजवीकडच्या फोटोवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली.

मेण काचेवर करकरतं. तो आवाज काकांच्या ओळखीचा होता. त्यांचा हात हवेतच राहिला.

"कुणी मारली?"

काकांनी हात पुढे केला. फुली हातभर लांब होती, तरी त्यांनी ती अंगठ्याने चाचपून शोधली. एक रेघ खालपर्यंत गेली, मग दुसरी. मग म्हणाले, "शौकत, जरा भाईर जाऊन चहा पिऊन ये." शौकतभाई गेले.

"छिद्रं किती?" काकांनी मला विचारलं.

"मोठ्या फोटोत चौदा."

"आन् माझ्यात?"

"एकबी नाही."

त्यांनी अंगठ्याला लागलेलं मेण बोटांनी चोळलं.

"कवापास्नं चाललंय ह्ये?"

"आखाडापासून."

"आन् तू हं म्हनत हुतीस."

"हो."

मला वाटलं आता म्हातारा रडेल. तो कसला रडतो. "डोळं गेलं तर जाऊ दे," काका म्हणाले. "डोळं कुनाचंबी जात्यात. पर चांगलं डोळं असून खोटा पास? आमच्या खात्यात तुला गेटाभाईर उभी केली असती. माझ्यापरास तू नालायक." मी मान खाली घातली. मग आठवलं की मान यांना दिसत नाही, म्हणून तोंडाने म्हटलं, "हो काका."

ते टेबलाला धरून उठले आणि स्टूल चाचपून त्यावर बसले. "खुर्चीत बस. तुला फरक दिसला न्हवं?"

मग कामाला लागलो. पहिला फोटो गुलाबाच्या चादरीवरचाच होता. शौकतभाईंना आत बोलावून नोझल मागितला, करडा शर्ट अंथरला, फोटो नव्याने काढला. बटणं काकांच्या बोटांना पाठ होती. कुठलं कुठे ते सांगायचे, मी दाबायचे. वेबपीहूनही नवा एक प्रकार आहे, तो आणखी हलका करतो. तो करून पाहिला, तर त्याने बारीक छिद्रं लिंपूनच टाकली. "नवं हाय म्हनून डोक्यावर घिऊ नगं," काका म्हणाले. पुन्हा वेबपी. आकडा पन्नास, छिद्रं सहा. साठ, अकरा. सत्तरला तेरा दिसली, चौदावं होतं की नव्हतं कळेना.

"हाय का न्हाई ते सांग. हं म्हनू नगं."

"नाही. तेराच."

ब्याऐंशीला चौदा आली. वजन एक्क्याण्णव केबी.

"परत मोज."

"चौदा."

"शौकत, तू मोज. मला भिऊ नगंस, मी आता आंधळा हाय." शौकतभाईंनी बोट लावून मोजली. चौदा. काका म्हणाले, "पास," आणि बटण मी दाबलं.

साहेब पुढच्या आठवड्यात शेडला येऊन गेला. शौकतभाईंनी शेड सोडलं नाही. बर्फीचा डबा घेऊन आले तेव्हा काकांनी डबा मांडीवर घेतला, वास घेतला आणि मला दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं, तेही ऐकून काही उपयोग उरला नव्हता तेव्हा. माणूस हट्टी, आणि हट्टाला वेळेचं भान नाही.

खंडेनवमीला मी कॉम्प्युटर पुसून त्याला झेंडूचं एकच फूल वाहिलं. काकांना वास आला. "काढ ते," म्हणाले, "वजन वाढतंय." त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी खोली सोडली आणि देहूरोडला मुलाकडे राहायला गेले. जाताना भिंग नेलं, कॉम्प्युटर शौकतभाईंना देऊन टाकला. लाल पेन्सिल टेबलावर राहिली होती ती मी ठेवून घेतली. ती विसरले की ठेवून गेले, हे मी विचारलं नाही.

कॉम्प्युटर आता शौकतभाईंच्या शेडच्या कोपऱ्यात आहे आणि दुपारी मी तिथे बसते. त्यांचे फोटो करते, आजूबाजूच्या पाचसहा शेडचेही करते. लोक अजून चादरी अंथरतात, अजून झेंडू पाठवतात. मी फुली मारते. बोलायला अजून जमत नाही, पण फुलीला बोलावं लागत नाही. काच मीच माखते आणि मीच पुसते.

संक्रांतीनंतर एकदा देहूरोडला जाऊन आले. काका पलंगावर बसले होते. सुनेने चहा दिला, माझ्यासाठीही बिनसाखरेचाच. नातीच्या शाळेतला गॅदरिंगचा फोटो मुलाने मोठा करून भिंतीला लावला होता. काका म्हणाले, "चौथे, त्यो फोटू बघ. कसाय?"

मी उठून जवळ गेले. कुणीतरी फोनवरून पाठवलेला उष्टा फोटो, तोच ताणून मोठा केलेला. पोरीच्या कपाळावरची टिकली गालापर्यंत पसरली होती, दात आणि ओठ एक झाले होते. सून दारात उभी होती, मुलगा खुर्चीत होता. सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान पुन्हा गरम झाले.

"रिजेक्ट," मी म्हटलं. "दात पुसले गेलेत. मूळ फोटो मागवून घ्या."

सुनेचं तोंड उतरलं. काकांनी मात्र भिंतीकडे बोट केलं, तेही चुकीच्या भिंतीकडे, आणि मुलाला म्हणाले, "ऐकलंस का? महिनाभर समदी मला छान छान सांगताय."

मग माझ्या दिशेने मान वळवली. "शिकलीस," म्हणाले. "लई उशिरा शिकलीस. चहा पी आन् जा, शिफ्ट सुटायच्या आत, न्हाईतर रिक्षा गावायची न्हाई."